पाच मित्रांची खाट

"पाच मित्रराष्ट्रांची ही पोलादी मूठ पाहिली, की शत्रूच्या सात पिढ्यांना कापरं भरेल!" असं संरक्षणमंत्री गरजले आणि त्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. पडद्यामागे खाट होती.

इस्पितळात असते तशीच खाट. लोखंडी, चाकांची, दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर येणारी. फक्त रंग हिरवा. सभेतल्या लोकांनी माना उंच करून तिच्यामागे एखादी तोफ वगैरे आहे का ते पाहिलं. नव्हती. तेव्हा त्यांनी खाटेलाच टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी हुरूप आल्यासारखी खाट आपणहून निघाली आणि व्यासपीठाच्या उतारावरून हळूहळू मंत्र्यांकडे येऊ लागली. एका अंगरक्षकाने तिला पायाने अडवलं. पुढचं सगळं भाषण, म्हणजे सार्वभौमत्व, बलिदान आणि बदलती जागतिक समीकरणं, त्याने एका पायावर उभं राहून ऐकलं.

खाट का निघाली हे ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तिला ब्रेक नव्हता. पण मंत्र्यांसमोर बोलायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की जो तो आपली शेपटी सांभाळतो. तिथला फोरमनही त्या दिवशी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होता. त्याला राग आला नव्हता. राग यायला अवकाश होता. त्याची ताई अजून जिन्यावरून पडायची होती.

या फोरमनने सगळी हयात पांढऱ्या खाटा करण्यात घालवली होती. पाइप वाकवायचा, जोडायचा, चाकं बसवायची, ब्रेक लावायचा, रंग द्यायचा आणि तयार खाट भिंतीपलीकडच्या सरकारी इस्पितळात ढकलत नेऊन द्यायची. मधे टेम्पोसुद्धा लागत नसे. मग पाच मित्रराष्ट्रांचा करार झाला. जग बिघडत चाललं आहे, तेव्हा प्रत्येक मित्रराष्ट्राने आपल्या मिळकतीच्या शंभरातले चार संरक्षणावर खर्च करायचे असं ठरलं. आपल्या सरकारची गाडी काही केल्या अडीचच्या पुढे सरकेना. मग सरकारने जरा घरातच इकडेतिकडे पाहिलं. नदीवरचा पूल रणगाडा पेलेल का, असं इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, पेलेल बहुतेक. पूल संरक्षणात गेला. आगीचा बंब गेला. हवामान खातं गेलं, कारण पाऊस शत्रूवरही पडतो. शेवटी इस्पितळाच्या नव्या खाटांसाठी राखलेले पैसे गेले आणि कारखान्याकडची मागणी रद्द झाली.

"फोरमन, आता काय रे करायचं?" मालक कपाळाला हात लावून बसला होता.

"करायचं काय त्यात? हिरवा रंग द्या. लष्कर घेईल," फोरमन चेष्टेत म्हणाला.

मालकाने मान वर केली. मालक लोकांना चेष्टा कळत नाही. म्हणून तर ते मालक होतात.

लष्कराने खाटा घेतल्या. पण एकट्याने घेऊन कसं चालेल? मैत्री म्हणजे काम वाटून घेणं. आराखडा आणि हिरव्या रंगाची नेमकी छटा थोरल्या मित्राने दिली. थोरला म्हणजे सगळ्यांत मोठा देश. बैठकीत तो हसला की बाकीचे हसत. चाकं दुसऱ्या मित्राकडून येऊ लागली, गादी तिसऱ्याकडून. चौथ्याकडे कारखानाच नव्हता, म्हणून त्याला तपासणी दिली. आपल्या वाट्याला पाइप आला. उरला ब्रेक. तो आराखड्याचा भाग की चाकाचा, यावरून थोरला आणि चाकवाला यांच्यात जुंपली, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तसा ब्रेक राहून गेला. फोरमनच्या कपाटात जुने ब्रेक पडून होते.

"लावू का?" त्याने विचारलं.

"खबरदार!" मालक म्हणाला. "युती फुटेल."

पूर्वी जेवढ्यात चार खाटा होत, तेवढ्यात आता एक होऊ लागली, आणि तीही एका जागी उभी न राहणारी. सरकार मात्र खूश होतं. खाट जितकी महाग, तितका आकडा चारच्या जवळ. कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला. फोरमनच्या घरी नवा पंखा आला. तयार खाटा इस्पितळाच्या भिंतीला लागून असलेल्या गुदामात शिरल्या, दाराशी बंदूकवाला पहारेकरी आला, वर 'सामरिक राखीव साठा' अशी पाटी आली. नव्या पंख्याखाली झोपून फोरमन बायकोला म्हणाला, "चला, देशाचंही भलं झालं."

आणि ताई पडली.

ताई म्हणजे फोरमनची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हापासून हिनेच त्याला वाढवलं होतं. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. घरात दोन माणसं दारात बोलत उभी राहिली तरी ती "पुढे सरका" म्हणायची. जिना उतरताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

"ऑपरेशन करायला माझी ना नाही," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "पण नंतर ठेवू कुठे? जमिनीवरून उठबस केली तर घातलेला खिळा निघून येईल. खाट मोकळी झाली की घेतो. लवकर झाली तर बरं. उशीर झाला तर मग चालणं विसरा."

खाट मोकळी होण्याची वाट इस्पितळाचा अख्खा व्हरांडा पाहत होता. भिंतीकडेने माणसं अंथरुणं टाकून पडली होती; येणारेजाणारे त्यांचे पाय ओलांडत. ताई खिडकीखाली होती. खिडकीतून गुदामाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

"धाकट्या," ती म्हणाली. फोरमनची पन्नाशी उलटली होती, पण त्याचं हे नाव काही उलटलं नव्हतं. "तू खाटा करतोस ना रे?"

"करतो."

"मग?"

एवढा एकच शब्द. पण त्या 'मग'ने फोरमनच्या मानेवर जे बस्तान ठोकलं, ते रात्रंदिवस उतरेना.

तो मालकाकडे गेला.

"अरे, खाट माझी असती तर डोक्यावर घेऊन आलो असतो," मालक म्हणाला.

"तुमची नाही तर माझी आहे! मी केलीये ती!"

"तू पाइप केलास. चाक एकाचं, गादी एकाची, रंग एकाचा. तुझ्या ताईला नुसत्या पाइपवर निजवतोस का?" मालकाने खिडकीबाहेर पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणि हे बघ, हिरव्या रंगाचं आधी कोण बोललं होतं?"

फोरमनच्या तोंडात आलेली शिवी तिथेच विरघळली. तिची अर्धी चव त्याची त्यालाच लागली.

मग तो गुदामाच्या मेजरकडे गेला. मेजर सज्जन होता. रागावून गेलेल्या माणसाला सज्जन माणसाइतका कुचकामी माणूस दुसरा नाही. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, ताईची चौकशी केली.

"साहेब, एक खाट द्या. एकच."

"जखमी सैनिक असेल तर आत्ता देतो. बहीण सैन्यात होती?"

"बसमध्ये."

"मग अवघड आहे."

"जखमी सैनिक आहेत तरी कुठे?"

"नाहीत ना!" मेजर हळहळला. "युद्धच नाही, तर जखमी कुठून आणू? तुम्ही असं करा, युद्ध सुरू झालं की या. पहिली खाट तुमची."

"युद्ध सुरू झाल्यावर त्या खाटा जखमींना नाही लागणार?"

मेजरने कप खाली ठेवला. "हो, तोही एक मुद्दा आहे," तो म्हणाला.

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. येताना त्याला गुदामाच्या दारातून आतल्या खाटा दिसल्या. ओळीने उभ्या, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. आणि भिंतीच्या या बाजूला माणसं जमिनीवर. मधे एक वीतभर भिंत. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथे आयजी व्हरांड्यात कण्हत होती आणि बायजी शत्रूच्या पिढ्या मोजत होती. कोणता शत्रू? ताईच्या खुब्यावर कोणत्या शत्रूने हल्ला केला होता? तिला आडवं पाडलं जिन्याने. आडवं ठेवलं मित्रांनी.

"जमलं?" ताईने विचारलं.

"युद्ध झालं की देतो म्हणाला."

"बरं," ताई म्हणाली. "त्याला सांग, मी इथेच आहे."

पुढच्याच आठवड्यात बातमी आली, की पाची मित्रराष्ट्रांचा संयुक्त सराव होणार आणि त्यात 'जखमींची शुश्रूषा' हा भाग याच इस्पितळात होणार. सकाळी गुदामाची दारं उघडली. हिरव्या खाटा एकामागून एक खडखडत इस्पितळाच्या फाटकातून आत आल्या, तेव्हा व्हरांड्यातली माणसं कोपरांवर उठून बसली. एक म्हातारा तर रडायला लागला. इतक्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"व्हरांडा मोकळा करायचाय," सिस्टर भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "परदेशी पाहुणे इथून जाणार आहेत. तुम्हाला थोडा वेळ जिन्याखाली आणि धोब्याच्या खोलीत हलवतो. सगळ्यांनी जरा सांभाळून घ्या."

फोरमन दुपारी डबा घेऊन आला तो दारातच थबकला. व्हरांडाभर हिरव्या खाटा. प्रत्येक खाटेवर एकेक धडधाकट सैनिक, खाट सुटू नये म्हणून एक पाय जमिनीला टेकवून. कोणाच्या कपाळावर लाल रंग, कोणाच्या हातावर, आणि गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: 'मांडीत गोळी', 'पोटात तुकडा', 'डोळे गेले'. डोळे गेलेला वर्तमानपत्र वाचत होता. पोटात तुकडा घोरत होता. आणि ताई जिन्याखाली, बादल्या आणि झाडू यांच्या मधे, तोंड मिटून पडली होती. हलवताना दुखलं असणार. ताई गप्प म्हणजे तेवढंच कारण असतं.

सगळ्यांत जवळच्या खाटेवर एक गोलमटोल गडी होता. पलटणीत स्वयंपाकी. त्याची पाटी फोरमनने वाचली, पुन्हा वाचली. 'खुबा मोडला'.

"काय रे, खुबा मोडलाय तुझा?" फोरमनचा आवाज इतका शांत होता की त्याचा त्यालाच भरवसा वाटेना.

"हो काका."

"दुखतोय?"

"नाही हो. सकाळीच मोडला."

"तिकडे बघ. जिन्याखाली. ती माझी बहीण. तिचा खरा मोडलाय. ज्या खाटेवर तू पडलायस ती मी केलीये, आणि माझी ताई जमिनीवर आहे. ऊठ."

स्वयंपाक्याने जिन्याखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उठायची परवानगी नाही काका," तो पुटपुटला. "मी वाचणाऱ्यांत आहे. तो पलीकडचा मरणार आहे, त्याला विचारा ना."

"मी मरणार आहे ते साडेतीनला," पलीकडून 'पोटात तुकडा' डोळे न उघडता म्हणाला. "तोपर्यंत मलाही हलता येत नाही."

"उठतोस," फोरमन म्हणाला, "की तुझी पाटी खरी करू?"

धमकीने की लाजेने, कोण जाणे, पण स्वयंपाकी उठला. उठल्यावर मात्र तो स्वयंपाक्यासारखा वागला, म्हणजे सगळं हातावेगळं केलं. ताईच्या खालची चादर त्याने एका बाजूने धरली, फोरमनने दुसऱ्या. मोठ्या सिस्टर औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "मी काही पाहिलेलं नाही," त्या कपाटाला म्हणाल्या. "उजवा पाय सरळ ठेवा. गुडघ्याखाली हात घाला, गाढवांनो, गुडघ्याखाली!"

ताई खाटेवर आली. स्वयंपाक्याने आपल्या गळ्यातली पाटी काढून तिच्या गळ्यात घातली, पदराची सुरकुती नीट केली आणि स्वतः जाऊन जिन्याखाली बादल्यांशेजारी आडवा झाला.

"कोण रे हा?" ताईने विचारलं.

"तुझा खुबा याच्याकडे होता," फोरमन म्हणाला. आणि तेवढ्यात खाट चालू लागली. व्हरांड्याला रुग्णांच्या ढकलगाड्यांसाठी फाटकाकडे उतार ठेवलेला होता. फोरमनने एक पाय पुढे करून चाक अडवलं. तसाच तो उभा असताना पाहुणे आले.

पुढे मंत्री, मागे चार मित्रदेशांचे चार गणवेश, सोबत मेजर, हाडांचे डॉक्टर आणि एक दुभाष्या. मांडीतल्या गोळीपाशी थांबले, माना हलवल्या. डोळे गेलेल्याने वर्तमानपत्र गादीखाली सारलं होतं. मग ते ताईपाशी आले. मघाच्या हलवाहलवीने ताईच्या खुब्यात कळ आली आणि ती कण्हली. अशी कळ रंग लावून येत नाही. तपासणीवाल्या चौथ्या मित्राचा प्रतिनिधी थबकला आणि काहीतरी उत्साहाने बोलला.

"साहेब म्हणतात," दुभाष्या म्हणाला, "सबंध सरावात यांचा अभिनय सर्वोत्तम."

आणि फोरमन फुटला.

"अभिनय? अभिनय तुमचा चाललाय! ज्यांना काही झालं नाही ते गादीवर आणि ज्यांचं हाड मोडलंय ते झाडूंच्या बाजूला! जा, बघा जिन्याखाली! धोब्याच्या खोलीत बघा, मळक्या चादरींवर माणसं टाकलीत तुमच्या पायाला लागू नयेत म्हणून! या खाटा त्यांच्याच होत्या. पैसेही त्यांचेच होते. तुम्ही त्यांना हिरवा रंग दिलात आणि कुलूप लावलंत, आणि वर म्हणता आम्ही यांचं रक्षण करतो! कोणापासून? खाटेपासून? पाच देश मिळून तुम्हाला एक ब्रेक लावता येत नाही, तुम्ही कसल्या लढाया लढणार? आणि मीही टाळ्या वाजवल्या. मीही! माझ्या घरी पंखा आला ना!"

हे सगळं तो एका पायावर बोलला. दुसरा चाकाला होता. मागे उभा असलेला मंत्र्यांचा अंगरक्षक त्या पायाकडे मोठ्या सहानुभूतीने पाहत होता.

चारी गणवेश दुभाष्याकडे वळले. दुभाष्याने मंत्र्यांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि परक्या भाषेत चारच शब्द बोलला. चारी गणवेशांचे चेहरे उजळले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या मित्राने तर पुढे होऊन फोरमनचा हात हलवला.

"काय सांगितलंस त्यांना?" फोरमनने दात खात विचारलं.

"'नातेवाइकांच्या भावना दाटून आल्या आहेत,'" दुभाष्या कुजबुजला. "खोटं आहे का?"

थोरल्या मित्राने ताईकडे पाहून काही विचारलं. दुभाष्या म्हणाला, "तुमचा हुद्दा विचारतात."

"कंडक्टर," ताई म्हणाली. "आणि त्यांना सांग, गर्दी करू नका. पुढे सरका."

दुभाष्याने काय सांगितलं देव जाणे. पण थोरल्याने खाडकन सलाम ठोकला, म्हणून बाकीच्या तिघांनीही ठोकला, आणि पाची राष्ट्रं पुढे सरकली.

मेजर मागे रेंगाळला. त्याने पाटी वाचली, ताईकडे पाहिलं, फोरमनच्या पायाकडे पाहिलं. "नियम असा आहे," तो छताला उद्देशून म्हणाला, "की तपासणीत पाहिलेला जखमी खाटेवरून बरा होईपर्यंत हलवायचा नाही. मित्रराष्ट्रांचा नियम आहे. मला मोडता येत नाही." आणि डॉक्टरांकडे वळला. "काय डॉक्टर?"

"खुबा मोडलाय असं पाटीवरच आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी घेतो."

संध्याकाळी सराव संपला. पोटात तुकडा ठरल्या वेळी मरून चहाला गेला. डोळे गेलेला आपली चप्पल शोधत होता. आणि सैनिकांनी हिरव्या खाटा एकेक करून गुदामाकडे परत ढकलायला सुरुवात केली. ताईची खाट सोडून सगळ्या. त्यांच्या मागोमाग धोब्याच्या खोलीतून माणसं व्हरांड्यात परत आली आणि आपापल्या जागी जमिनीवर पडली. सकाळी रडलेला म्हातारा ताईच्या खाटेच्या पायाशी आडवा झाला. त्याने वर पाहिलंही नाही. शेवटची खाट फाटकाबाहेर गेली आणि गुदामाच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला.

चाकाला पाय लावून उभ्या असलेल्या फोरमनला वाटलं होतं, ताईला खाट मिळाली की राग उतरेल. तो उतरायच्या ऐवजी ऐसपैस मांडी घालून बसला.

"सोडणार नाही मी," तो म्हणाला. "ताई, उद्यापासून एक पाइप वाकवणार नाही. सगळ्या कामगारांना बाहेर काढतो. त्या गुदामाचं कुलूप तोडतो. मंत्र्याच्या दारात जाऊन बसतो, थोरल्याच्या दारात बसतो! या म्हाताऱ्याला खाट मिळेपर्यंत, या सगळ्यांना मिळेपर्यंत, मी त्या पाचांपैकी एकालाही सुखाने झोपू देणार नाही!"

ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्यानेही ऐकलं.

"जरूर कर," ती म्हणाली. "मी बरी झाले की मीही येते. पण धाकट्या, जायच्या आधी बाहेरून एक वीट मागवून दे रे. तुझा पाय निघाला की मी फाटकाकडे निघते."